नाण्यावाचून चालणारे गाव : बलुतेपद्धती, वतन आणि अर्थलोभ

१. प्रश्नाचे स्वरूप

पैशावाचून मानवी समाज चालू शकेल काय, आणि पैसा नाहीसा झाला तर द्रव्यलोभही नाहीसा होईल काय, हे दोन प्रश्न पुष्कळदा एकाच दमात विचारले जातात. वस्तुतः ते भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. पिझारोच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश तुकडी १५३२ मध्ये इंका राज्यात शिरली, तेव्हा अँडीज पर्वतराजीत पसरलेले ते विस्तीर्ण राज्य नाण्यावाचून चालू होते. प्रजेने राज्याचे देणे द्यावयाचे ते श्रमाच्या रूपाने, राज्याने संचय करावयाचा तो कोठारांत धान्य व वस्त्रे साठवून, आणि हिशेब ठेवावयाचा तो दोऱ्यांना मारलेल्या गाठींच्या साहाय्याने, अशी तेथील व्यवस्था होती. सोने-रूपे विपुल होते, परंतु ते चलन म्हणून वापरले जात नव्हते. तेव्हा चलनावाचून मोठा व सुसंघटित समाज चालू शकतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नाणे नसलेल्या व्यवहारात लोभ खरोखरच नसतो, की तो दुसऱ्या एखाद्या वस्तूचा आश्रय करतो? या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील बलुतेपद्धतीच्या आधारे करणे दोन कारणांनी सोयीचे आहे. एक तर या पद्धतीत गावातील नित्याच्या सेवांचा मोबदला शेकडो वर्षे प्रामुख्याने धान्यरूपाने दिला जात होता. दुसरे असे की, या पद्धतीविषयीचे कागद, म्हणजे वतनपत्रे, महजर, निवाडे आणि तंट्यांच्या हकिकती, मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्यामुळे केवळ कल्पनेवर विसंबून न राहता लोकांचा प्रत्यक्ष व्यवहार तपासता येतो.

२. बलुत्याची व्यवस्था

बलुतेदार म्हणजे गावाच्या गरजेची कामे वंशपरंपरेने करणारे आणि त्याबद्दल पिकातून ठरावीक वाटा घेणारे गावकामगार. त्यांची संख्या परंपरेने बारा सांगितली जाते. तथापि याद्या सर्वत्र सारख्या नाहीत. मोल्सवर्थच्या कोशात दिलेल्या एका यादीप्रमाणे थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार व मांग, मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट व न्हावी, आणि धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव व कोळी येतात. या ओळींस ‘कास’ असेही म्हणत. ज्याचे काम शेतीस अधिक निकडीचे, त्याची ओळ थोरली आणि त्याचा वाटा अधिक, असे साधारण धोरण दिसते. यांखेरीज तेली, तांबोळी, गोंधळी, जंगम इत्यादी अलुतेदार होते. त्यांचे हक्क त्या मानाने दुय्यम होते, आणि ते प्रत्येक गावी असतच असे नाही.

सुताराने नांगर-पाभर दुरुस्त करावी, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट शिवावी, मांगाने दोरखंड वळावेत, कुंभाराने मडकी पुरवावीत, न्हाव्याने हजामत करावी, आणि त्या त्या वेळी कोणी कोणास काही देऊ नये. पीक काढणीस आले म्हणजे शेतात पेंढ्या आणि खळ्यावर रास पडली की राशीतून प्रत्येकाने आपला वाटा न्यावा, अशी ही रीत होती. याशिवाय सणावारी मिळणारे वाण, लग्नकार्यातील मानपान आणि काहींना इनाम जमिनीचा तुकडा असे. लोखंड, लाकूड यांसारखा माल बहुधा शेतकऱ्याने द्यावयाचा व कारागिराने केवळ श्रम द्यावयाचे, असा प्रघात होता. नेहमीच्या दुरुस्तीबाहेरच्या कामाबद्दल निराळा मोबदला ठरवीत.

या पद्धतीत सेवा आणि मोबदला यांचा तोलूनमापून मेळ घातलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याची मोट वर्षात चार वेळा फाटली तो आणि ज्याची एकदाच फाटली तो, असे दोघेही चांभारास रिवाजाप्रमाणेच देत. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, येथील बलुतेदार हा एकेका कुटुंबाचा आश्रित नसून सबंध गावाचा सेवक होता. विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये उत्तर प्रदेशातील एका खेड्यावरून वर्णिलेल्या जजमानी पद्धतीत कारागीर विशिष्ट कुटुंबांशी बांधलेला दिसतो; महाराष्ट्रात तो गावाशी बांधलेला होता. हा भेद पुढील विवेचनास महत्त्वाचा आहे.

३. स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना व तिच्या मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील लेखकांना या व्यवस्थेने मोठी भुरळ घातली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मधील आपल्या अहवालात दख्खनची गावे म्हणजे लहान प्रमाणावरील राज्येच होत, आणि वरचे सर्व सरकार नाहीसे झाले तरी ती आपल्या माणसांचे बव्हंशी रक्षण करू शकतील, अशा आशयाचे मत नोंदविले. पुढे मार्क्स याने १८६७ मध्ये ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आणि हेन्री मेन याने १८७१ मध्ये खेडेगावांवरील आपल्या व्याख्यानांत भारतीय गावाचे जे चित्र रेखाटले, त्यातही स्वयंपूर्णता हाच प्रधान रंग आहे. कोणी या चित्राची स्तुती केली, कोणी निंदा केली. परंतु गावात पैशाला स्थान नव्हते, हे गृहीत बहुतेकांनी मान्य केले.

कागदपत्रांच्या कसोटीला हे गृहीत उतरत नाही. गावकामगारांमध्ये पोतदार हा एक अधिकारी आढळतो. तो जातीने सोनार असे, आणि सरकारात अथवा खाजगी देण्याघेण्यात भरावयाचे नाणे पारखून देणे हे त्याचे काम असे. ज्या गावात नाणे नाही त्या गावाला नाण्याच्या पारख्याची गरज का भासावी? उत्तर उघड आहे. सारा पुष्कळ अंशी रोख भरावा लागे. त्यासाठी शेतकरी धान्य विकी, किंवा सावकाराकडून रक्कम उचली. मीठ आणि लोखंड बाहेरून येई. आठवड्याच्या बाजारात तांब्याची शिवराई चाले. फ्रँक पर्लिन यांनी १९८० च्या दशकातील आपल्या लेखनात तांब्याची नाणी व कवड्या यांसारख्या हलक्या चलनाचा प्रसार वसाहतपूर्व भारतात किती दूरवर झाला होता, हे दाखविले आहे. टॉमस कोट्स याने पुण्याजवळील लोणी गावाचे जे वर्णन १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले त्यातही कुणबी मोठ्या प्रमाणावर सावकारांचे देणेकरी असल्याचे दिसते. सी. जे. फुलर यांनी १९८९ मध्ये याच धाग्यावरून असा आक्षेप घेतला की, धान्याच्या राशीची वाटणी पाहून अभ्यासकांनी भारतीय गाव पैशापासून अलिप्त असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला.

तेव्हा ‘नाण्यावाचून चालणारे गाव’ हा शब्दप्रयोग मर्यादित अर्थानेच खरा मानला पाहिजे. गावाच्या वेशीवर नाणे होते. वेशीच्या आत, सेवांच्या देवघेवीत, मुख्यतः ते नव्हते. या आतल्या वर्तुळात लोभाचे काय झाले, एवढाच प्रश्न उरतो.

४. वतन हेच धन

या प्रश्नाचे उत्तर वतनाच्या इतिहासात सापडते. पाटील, कुलकर्णी, चौगुला, देशमुख, देशपांडे यांचे अधिकार जसे वतन होते, तसेच बलुतेदाराचे कामही वतन होते. वतन म्हणजे वंशपरंपरागत हक्क. तो मुलांत वाटला जाई, गहाण पडे, दान दिला जाई आणि विकलाही जाई. पाटीलकीच्या निम्म्या अथवा चौथ्या तक्षिमेची खरेदीपत्रे जुन्या दप्तरांत वारंवार आढळतात. बलुत्याच्या वतनाचीही अशीच वाटणी व विक्री होत असे, हे फुकाझावा यांनी दाखविले आहे. वतनदार बलुतेदार नसेल तर उपरी बलुतेदार ठेवला जाई. परंतु उपऱ्यास वतनदाराची प्रतिष्ठा नसे, आणि मूळ वतनदार परत आला तर उपऱ्याला बाजूस व्हावे लागे.

अशा समाजात संपत्ती वाढविणे म्हणजे वतन वाढविणे. सेवेचा मोबदला रिवाजाने ठरलेला असल्यामुळे सुताराने अधिक फाळ बसविले म्हणून त्याला अधिक धान्य मिळण्याचा संभव थोडा होता. भावाची किंवा शेजाऱ्याची तक्षीम आपल्याकडे आली तर मात्र निश्चित मिळे. म्हणून लोभाचा सारा ओघ उत्पादनाकडे न वळता हक्काकडे वळला. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, विडा प्रथम कोणास, या मानपानांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कलह आजच्या वाचकाला क्षुल्लक वाटतात. परंतु मान हा हक्काचा दृश्य पुरावा होता. मान गेला तर उद्या हक्कावरचा दावाही दुबळा होणार, हे भांडणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तीस वर्षांपूर्वी आपल्या घरचा बैल पुढे होता, एवढी एकच साक्ष वतनाच्या निवाड्यात निर्णायक ठरू शके.

हे तंटे गोतसभेपुढे व सरकारी अंमलदारांपुढे चालत. साक्षीपुरावा अपुरा पडल्यास दिव्य करण्याचीही वेळ येई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या निवाड्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. ही रक्कम भरण्यासाठी वतनाचाच काही भाग विकावा लागल्याची उदाहरणे आहेत. तरीही लोक तंटा सोडीत नसत. यावरून वतनाची ओढ किती तीव्र होती याची कल्पना येते.

समकालीन राज्यकर्त्यांनाही हे दिसत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात वतनदारांच्या वृत्तिलोभाचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. आहे तेवढ्यावर समाधान न मानता दुसऱ्याचे बळकावणे आणि बळ येताच राज्यालाही न जुमानणे, हा त्यांचा स्वभाव तेथे स्पष्ट शब्दांत वर्णिला आहे. हा लोभ नाण्याच्या संचयाचा नव्हे, हक्काच्या संचयाचा होय. त्याची मोहिनी थोरामोठ्यांवरही होती. उत्तरेत दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती असतानाही महादजी शिंदे यांना ‘पाटील’ हे पद भूषणावह वाटत असे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

येथवरच्या विवेचनावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, सेवांच्या देवघेवीतून नाणे वगळल्याने अर्थलोभ वगळला गेला नाही. त्याचे अधिष्ठान मात्र बदलले. जेथे द्रव्य साठविता येत नाही किंवा साठविण्यात फारसा लाभ नाही, तेथे मनुष्य पद, मान आणि जन्मसिद्ध अधिकार साठवितो.

५. नकाराचा अधिकार

बलुतेपद्धतीच्या समर्थकांचा एक मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. या व्यवस्थेत कारागिराला गिऱ्हाईक शोधीत फिरावे लागत नव्हते. गावाला सुतारावाचून किंवा न्हाव्यावाचून अडून राहावे लागत नव्हते. घासाघीस नव्हती, आणि काम झाल्याबरोबर पैसे नाहीत म्हणून गरीब कुणब्याचा नांगर बंद पडत नव्हता. हे सर्व खरे आहे. परंतु वाटा पिकाशी बांधलेला असल्यामुळे पीक बुडाले की बलुतेही बुडे. दुष्काळात कुणबी व बलुतेदार एकाच वेळी उपाशी पडत. गाव त्या काळी बलुतेदारास निश्चिती देत असे ती वाट्याची, पोटाची नव्हे.

दुसऱ्या बाजूने, १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिणाऱ्या त्रिं. ना. आत्रे यांना खळ्यावर जमणारे हक्कदार आणि मागते हे कुणब्यावरील ओझे वाटले. काम कमी-अधिक झाले तरी वाटा ठरलेलाच, म्हणून काम चांगले करण्याची प्रेरणाच उरत नाही, अशी या टीकेची दिशा आहे. देणाऱ्याला वाटे की आपण फार देतो. घेणाऱ्याला वाटे की आपल्याला फार थोडे मिळते. मोजमापच नसल्यामुळे कोणाचे म्हणणे खरे हे ठरविण्याचे साधन दोघांजवळही नव्हते. जेथे मोजमाप नाही तेथे शेवटी बळ निर्णय करते.

याचा पुरा अर्थ खालच्या ओळीकडे पाहिल्यावाचून कळत नाही. मोल्सवर्थच्या यादीत महार थोरल्या ओळीत आहे. उत्तर दख्खनमधील पुष्कळ गावांत तर त्याला तिन्ही ओळींचे बलुते मिळे, असेही तेथे नमूद आहे. बेदरच्या बादशहाने महारांना ५२ हक्क दिल्याची परंपरा त्या समाजात सांगितली जात असे. कागदावर पाहता त्याचे स्थान मोठे दिसते. प्रत्यक्षात मात्र वेशीची राखण, सरकारी टपाल व ओझी पोहोचविणे, सीमेच्या तंट्यात साक्ष देणे, वर्दी नेणे, मेलेली जनावरे ओढणे अशी अमर्याद कामे त्याच्याकडे होती, आणि त्याबद्दल मिळणारी भाकर दारोदार मागून न्यावी लागे. सुताराने काम नाकारले तर गाव त्याची मनधरणी करी. महाराने नाकारले तर त्याचे बलुते बंद होई, आणि गावाच्या विहिरीवर वा रस्त्यावर ज्यास मुळातच अधिकार नाही त्याला दाद मागण्यास जागा नसे. बलुतेदार सबंध गावाचा सेवक होता, या फुकाझावांच्या सिद्धांताची ही दुसरी बाजू होय. जो सर्वांचा सेवक, त्याला एक धनी सोडून दुसऱ्याकडे जाता येत नाही.

इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडली नाही, तिला कायद्याचे कुंपण मिळाले. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनी कामे पुढे चालू राहिली. दरम्यान मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, लष्कर व दारूगोळ्याचे कारखाने यांत रोख मजुरीची कामे निघाली होती. तेथे गेलेल्या माणसाला प्रथमच आपल्या दिवसाची किंमत अंकांत कळली, आणि ती न पटल्यास काम सोडण्याची वाट मोकळी झाली.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाचे महत्त्व लक्षात येते. वतनाच्या बंधनातून इच्छुकांना मुक्त होता यावे, बलुत्याऐवजी रोख कर बसवून तो सरकारमार्फत वसूल व्हावा आणि कामाचा मोबदला ठरलेला असावा, अशी त्या विधेयकाची दिशा होती. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. परंतु विचाराच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. धान्य नको, रोख द्या, ही मागणी येथे लोभातून आलेली नाही. हातात पडणारी रक्कम मोजता येते, तिच्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, आणि ती देणाऱ्याशी असलेले नाते काम संपताच संपते. पैशाच्या ज्या रुक्षपणाबद्दल नीतिज्ञ त्यास दोष देतात, त्याच रुक्षपणात या मागणीला मुक्तीचा मार्ग दिसला. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने रद्द झाली. त्यापूर्वीच, विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर, अनेक गावांतील महारांनी गावकीची कामे आणि त्याबरोबर बलुतेही आपण होऊन सोडून दिले होते. मिळणारे धान्य सोडून अनिश्चित मजुरी पत्करणे, हा हिशेब केवळ नफ्यातोट्याचा नव्हता.

तथापि, नाण्याच्या प्रवेशाने सर्वांना सारखेच स्वातंत्र्य दिले, असे मानणेही चूक ठरेल. रोख साऱ्याची सक्ती, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेले व नंतर कोसळलेले कापसाचे भाव आणि कोर्टात चालणारे कर्जरोखे यांनी दख्खनच्या कुणब्याला सावकाराच्या हाती दिले. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी प्रथम हात घातला तो सावकारांच्या दस्तऐवजांना. ज्या मोजमापाने एकाला मोकळे केले, त्याच मोजमापाने दुसऱ्याला बांधले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला, यातच या बंधनाची तीव्रता दिसते.

६. उपसंहार

बलुतेपद्धतीचा हा इतिहास पाहता मूळ प्रश्नाची मांडणी बदलणे आवश्यक ठरते. समाज पैशावाचून चालू शकतो; इंकांचे राज्य चालले, आणि मर्यादित क्षेत्रात महाराष्ट्रातील गावही चालले. परंतु पैशाच्या अभावी तो अधिक निर्लोभ होतो, असे दिसत नाही. लोभ नाण्याबरोबर जन्मास येत नाही आणि त्याच्याबरोबर मरतही नाही. तो त्या त्या समाजात जे साठविण्याजोगे असेल त्यावर जाऊन बसतो. महाराष्ट्रात ते वतन होते.

म्हणून एखाद्या अर्थव्यवस्थेची परीक्षा करताना तीत पैसा आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तीत सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या माणसाला काम नाकारता येते काय, नाकारल्यास त्याची उपजीविका टिकते काय, आणि मोबदला ठरविताना त्याच्या शब्दाला किंमत आहे काय, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर बलुतेपद्धती सुताराच्या बाबतीत बऱ्याच अंशी उतरते आणि महाराच्या बाबतीत पूर्णपणे अपयशी ठरते. सावकारी रोख व्यवहार गिरणीकामगाराच्या बाबतीत काहीसा उतरतो आणि १८७५ च्या कुणब्याच्या बाबतीत उतरत नाही. एकाच व्यवस्थेचे मूल्यमापन तीत कोठे उभे राहून केले जाते यावर इतके बदलत असेल, तर समग्र गावाविषयी एकच विधान करण्याची प्रथा सोडणे इष्ट होय.

पुढील संशोधनाची दिशाही यातून सूचित होते. पाटील-देशमुखांच्या वतनांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे; त्या मानाने बलुतेदारांच्या तंट्यांचे कागद कमी पाहिले गेले आहेत. उपरी बलुतेदारांशी गावाने केलेले करार आणि गाव सोडून गेलेल्या कारागिरांना परत आणण्यासाठी दिलेले कौल यांचा प्रांतवार अभ्यास झाल्यास, नकार देण्याचे सामर्थ्य कोणाजवळ किती होते याचे अधिक नेमके माप हाती येईल. गावाच्या एकोप्याविषयीचे मत त्यानंतर बनविणे योग्य ठरेल.